अकरा वेढ्यांची नळी

मी एक जुनी तांब्याची नळी आहे, मित्रांनो. अंगाला अकरा वेढे, दोन ठिकाणी पोचे, आणि रंग म्हणाल तर कधीच गेलेला. डोंगराखालच्या बोल्सोन गावात घरोघरी बिअर करतात. तशाच एका घरी मी चौदा वर्षं राबते आहे. माझं काम एकच, उकळता काढा झटपट गार करायचा. ऐकायला क्षुल्लक वाटतं ना? वाटू दे.

मला आन्सेल्मोंनी घडवलं. गॅसच्या नळ्या जोडणं हा त्यांचा धंदा. त्यांची बायको एल्बा अंगणात बार्लीचा गोड काढा उकळायची, त्यात कडवटपणासाठी हॉपच्या वेलाची फुलं घालायची, आणि मग दोघं मिळून ते चाळीस लिटरचं पातेलं उचलून टबातल्या पाण्यात ठेवायची. एकदा काढा हिंदकळला आणि एल्बाचा पाय भाजला. दुसऱ्याच दिवशी आन्सेल्मोंनी कोरी नळी आणली आणि गॅसच्या सिलिंडरभोवती हळूहळू गुंडाळली. अशी मी जन्मले.

मला काढ्यात बुडवायचं आणि एका टोकाला रबरी पाइपने नळाचं पाणी सोडायचं. पाणी डोंगरातलं, दात शिवशिवतील इतकं थंड. माझ्या पोटातून जाताना ते काढ्याची उष्णता घ्यायचं आणि दुसऱ्या टोकाने वाफाळत बाहेर पडायचं. वीस मिनिटांत पातेलं गार. काढा फार वेळ गरम राहिला की बिअरला उकडलेल्या कोबीचा वास येतो, म्हणून ही सगळी घाई. एल्बाचा दंडक होता, "माझ्या नळाला हात लावाल तर जेवायला वाढणार नाही!" आलेल्या-गेलेल्याला ती मला कौतुकाने दाखवायची. मी फुगून जायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी एल्बा गेली. फ्रीजरमध्ये तिने स्वतः खुडून वाळवलेल्या फुलांच्या दोन पिशव्या उरल्या. तिची मुलगी नोएमी इस्पितळात परिचारिका आहे. बिअर करायला ती आईच्या हाताखालीच शिकली. तिने ठरवलं, एक पिशवी यंदा आणि एक पुढच्या वर्षी. त्यानंतर आईच्या हातचं काही उरणार नव्हतं.

पहिली पिशवी पातेल्यात पडली. मला बुडवून, पाणी सोडून नोएमी आत पिंप धुवायला गेली. तास झाला, तरी काढा कढतच! माझ्यातून पाणी तर येत होतं, पण अगदी बारीक धारेने. मी आतून चोंदले असा तिने समज करून घेतला. काढा गार व्हायला संध्याकाळ झाली. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर कोबी. सगळी बिअर तिने हॉपच्या वेलांच्या बुंध्याशी ओतली आणि तिथेच रडत बसली. मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे खिळ्याला टांगलं. वर्षभर मी तिथे हिरवी पडत गेले. एका कोंबडीने माझ्या वेढ्यांत गवत भरून संसार थाटला. खरं काय घडलं ते मला ठाऊक होतं. पण मी कुणाला सांगणार?

मग यंदा दुसऱ्या पिशवीची वेळ आली. आन्सेल्मो खुराड्याशेजारी पाटावर बसून मॅतेचा कडू चहा पीत होते. येर्बाची पानं आणि कढत पाण्याचा थर्मास जवळ नसला की त्यांचा जीव कासावीस होतो.

"बाबा, त्या रिकाम्या बाटल्या दे इकडे. त्यांत पाणी गोठवून यंदा बर्फाने काढा गार करणार आहे."

"आणि नळी?"

"ती गेली कामातून. आईची एक पिशवी खाल्ली तिने. दुसरी नाही देणार तिला."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "नळी चांगली आहे गं."

"तू केलीस म्हणून म्हणतोस!"

"तसं नाही. त्या दिवशी नळ मी बारीक केला होता."

"काय?"

"मॅतेला पाणी हवं होतं. नळीतून येणारं जरा कोमट वाटलं. नळ बारीक केला तर असं फक्कड कढत आलं! थर्मास भरला, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या लिसांद्रोने हाक मारली..."

"किती वेळ बोलत होतास?"

"फुटबॉलचा विषय होता."

नोएमी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "वर्षभर गप्प बसलास? मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. आईची फुलं मी वाया घालवली, असं रोज वाटायचं मला, बाबा. रोज!"

"तुझी आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं."

"मीही काढणार आहे. आधी ती नळी घेऊन ये."

त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं. कोंबडीचं गवत काढलं, लिंबू-मिठाने घासघासून लख्ख केलं, आतून पाणी खळाळवलं. दुसरी पिशवी पातेल्यात पडली आणि उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, अंगावरचे जंतू मरावेत म्हणून, मी पुन्हा काढ्यात उतरले. आन्सेल्मो थर्मास घरातच ठेवून नळाशी बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. लिसांद्रोने हाक मारली, "काय हो, कालचा गोल पाहिलात का?" "नंतर!" म्हातारा ओरडला. इतका वेळ त्यांना मॅतेशिवाय बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वीस मिनिटं झाली. नोएमीने पातेल्याला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

तीन आठवड्यांनी तिने बाटली उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. कोबी नव्हता. आन्सेल्मोंना बिअर कधी आवडली नाही. तरी त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. अगदी एल्बाच," म्हणाले आणि पेला पुन्हा पुढे केला.

तर मित्रांनो, काम झालं की मला लगेच धुवा, नाहीतर साखर चिकटते आणि मी काळी पडते. आणि आम्हा वस्तूंपैकी कुणी बिघडलंसं वाटलं, तर टाकून देण्याआधी घरातल्या माणसांना एकदा प्रेमाने विचारा. आम्हाला सांगता येत नाही. त्यांना येतं, पण उशीर होतो.