जिवंत माणसाला हार

सलोनीनं मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवून उभा केला, हातातली मेथी निवडता निवडता लेनाशी बोलायला लागली, आणि लेना पलीकडून एकदम सहज म्हणाली, "शुक्रवारी तुमचा व्हिडिओ बघायला ओपा पण येणार आहेत. त्यांना मी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलीय."

मेथीची काडी सलोनीच्या हातात तशीच राहिली.

"कोण ओपा?"

"माझे आजोबा. फोटोतले. मशीनवाले."

सलोनीनं "ओके, ओके, नाइस" असं काहीतरी म्हटलं, नेटवर्क जातंय म्हणाली आणि फोन उलटा ठेवून दिला. नेटवर्क कुठंच गेलं नव्हतं. कासारवाडीत त्यांच्या खोलीच्या बरोब्बर वरच टॉवर आहे.

आता झालं होतं काय, तर सलोनीच्या शाळेची जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या शाळेशी जोडी लागली होती. अवधूत सर तिला जोडशाळा म्हणायचे. नववीतल्या प्रत्येकाला तिकडचा एकेक जोडीदार मिळाला, सलोनीला लेना मिळाली. पहिले दोन-तीन कॉल हवापाणी आणि मांजरांवरच गेले, मग दोघींचं असं जमलं, असं जमलं, की अर्धं इंग्रजी आणि अर्धे हातवारे करून तासतासभर हसत बसायच्या. एकदा लेना तिच्या आजीच्या स्वयंपाकघरातून बोलत होती. तिच्या डोक्यामागं भिंतीवर एक काळापांढरा फोटो होता, लाकडी चौकटीतला. कोट घातलेला गंभीर माणूस आणि त्याच्याशेजारी भलंमोठं मशीन. नेमके तेव्हाच सलोनीचे बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले, बूट काढता काढता त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि एक बूट पायात ठेवूनच ते पुढं आले.

"ही आमची म्हातारी आहे," ते म्हणाले.

बाबा, म्हणजे नंदकिशोर, चाकणच्या कंपनीत ज्या ग्राइंडिंग मशीनवर काम करतात, त्याला सगळं डिपार्टमेंट म्हातारी म्हणतं. जर्मनीतला कारखाना बंद पडल्यावर कंपनीनं ते सेकंडहँड आणलेलं. दरवाजावर पांढरा चौदा नंबर, खाली गुडघा मारल्यासारखा पोचा. फोटोतही तोच चौदा आणि तोच पोचा. लेनानं सांगितलं, ओपांनी त्याच मशीनवर आयुष्य काढलं, आणि कारखाना बंद झाल्यापासून ओपा त्या रस्त्यानंसुद्धा जात नाहीत, घरात कुणी तो विषय काढत नाही. हे तिनं जर्मन-इंग्रजी करत सांगितलं खरं, पण ओपा अजूनही जात नाहीत की हयात होते तोवर जात नव्हते, हे विचारावं असं इकडं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि का यावं? आपल्याकडं घरातल्या भिंतीवर एकतर देव असतात, नाहीतर गेलेली माणसं. चौकटीत एकटा माणूस, तोही काळापांढरा, म्हणजे विषयच संपला.

मग आली खंडेनवमी. वर्षातनं त्या एकाच दिवशी कंपनीत घरच्यांना सोडतात आणि मोबाइललाही परवानगी असते. मशीन धुऊनपुसून, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. सलोनी जोडशाळेसाठी व्हिडिओ काढायला गेली होती. लेनाकडनं मागवलेला फोटो धम्मपालकाकांनी मोठा करून, फ्रेम करून आणला होता. धम्मपालकाका म्हणजे बाबांचे पार्टनर, हे सुटले की ते म्हातारीवर उभे राहतात, सेकंड शिफ्टला.

"पूजा तुझी, नंद्या. मी काय नारळबिरळ फोडत नाही," काका म्हणाले. "पण माणसाला हार घालायला माझी ना नाही. आपल्या आधी ज्यानं घाम गाळला, त्याचा मान पहिला."

आणि त्यांनी तो फोटो मशीनवर ठेवून त्याला टपोऱ्या झेंडूचा हार घातला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मिनिटभर सगळे खाली मान घालून शांत उभे राहिले. बाबांचे तर डोळे भरले. सलोनीनं इतकं सुंदर शूटिंग आयुष्यात केलं नव्हतं. अवधूत सरांनी त्याच संध्याकाळी ते जर्मनीला पाठवून दिलं, तिकडनं उत्तरही आलं, शुक्रवारी सभागृहात सगळ्या गावासमोर दाखवणार म्हणून.

आणि आता ओपा पहिल्या रांगेत.

आईनं हे ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं बाजूला ठेवलं.

"जिवंत माणसाला हार घातला तुम्ही?"

"आम्हाला काय माहीत," बाबा म्हणाले.

"माहीत नाही तर विचारायचं. शत्रूच्या फोटोला कुणी घालत नाही, ह्यांनी पाहुण्याच्या घातला. वर श्रद्धांजली. व्हिडिओ काढून. आणि तो पाठवला कुणाला, तर त्यालाच."

बाबा त्या दिवशी रजेवर होते; ते बाहेर गेले आणि कामावर निघालेल्या, बसमध्ये असलेल्या धम्मपालकाकांना फोन लावला. सलोनी दारातच उभी होती, काकांचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"धम्मपाल, आज गेल्या गेल्या तो हार काढ."

"का रे? वाळला?"

"म्हातारबाबा जिवंत आहे."

"मग तर चांगलंच आहे की राव," काका म्हणाले.

सलोनीला मात्र काही चांगलं दिसत नव्हतं. तिला रात्री जेवण गेलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, अख्खं गाव बसलंय, दिवे मालवलेत, आणि पडद्यावर स्वतःच्या मयताचा कार्यक्रम बघत तो म्हातारा पहिल्या रांगेत बसलाय. एक तर ह्यांचं मशीन उचलून आणलं, ते आणलं, वर माणूसही पोचवला. लेना परत बोलेल कशाला? सलोनीनं पिंकीला सांगितलं, धम्मपालकाकांची पिंकी, तीही त्याच वर्गात. पिंकी म्हणाली, "तिकडं हाराचा अर्थ कुणाला कळणारे? गप बस." सलोनीला क्षणभर बरं वाटलं. मग पिंकीच म्हणाली, "गूगल केलं तर कळेल म्हणा."

शुक्रवार गेला. लेनाचा मेसेज नाही. शनिवार गेला. सलोनीनं मांजराचा एक स्टिकर पाठवला, त्याला दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं काही नाही. दोन निळ्या खुणा तर फार वाईट.

"तू स्वतःहून सांगायचं," आई म्हणाली. "चूक झाली, आमच्यात ह्याचा अर्थ असा असतो, आमच्या मनात तसं नव्हतं, माफ करा. सरळ."

"सांगितलं तर जास्त लागेल त्यांना," बाबा म्हणाले. "नाही कळलं तर नाही कळलं."

"आणि कळलं असलं तर? पोरीची मैत्रीण जाईल ती वेगळीच. आपल्या घरात कुणी असं केलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता?"

गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या वारी, लेनाचा मेसेज आला, आज बोलू या का, सगळ्यांना बोलव. सगळ्यांना! संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जसं काय पोलिसांनी बोलावलंय. धम्मपालकाकाही आले, हार माझा होता म्हणाले, बोलणी खायची तर मीही खातो. आई मागं ओट्याला टेकून उभी. सलोनीनं इंग्रजीतलं वाक्य सकाळपासून इतक्यांदा घोकलं होतं की आता त्याचा अर्थच लागत नव्हता.

फोन लागला. लेनाचा चेहरा आला, लालबुंद.

"लेना, मला तुला एक गोष्ट सांगायचीये," सलोनी म्हणाली.

"थांब, आधी मी. सॉरी, मी इतके दिवस गप्प होते. मला ओपांनी शपथ घातली होती, तयार होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून."

"काय तयार?"

लेना फोन घेऊन पळायलाच लागली. जिना, दार, कोटांची रांग, मग तेच स्वयंपाकघर. भिंतीपाशी एक उंच, वाकलेला माणूस उभा होता, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. फोटोतला तोच, फक्त केस पांढरे. त्यानं कॅमेऱ्याकडं बघून मान झुकवली. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"ओपांनी व्हिडिओ तीनदा लावायला लावला," लेना धापा टाकत सांगत होती. "त्यांना वाटत होतं मशीन भंगारात गेलं. घरी येताना ते जुन्या कारखान्याच्या रस्त्यानं आले. पायी. आजी रडली. आणि मग ते म्हणाले, त्या लोकांनी माझा एवढा मान केला, तर मीही करणार."

फोन वर गेला. भिंतीवर जुन्या चौकटीशेजारी एक नवीकोरी चौकट होती. तिच्यात नंदकिशोर. व्हिडिओतून छापलेला, डोक्यावर टोपी नाही, डोळे मिटलेले, ओठ अर्धवट उघडे. आणि फोटोला हार. गडद तांबड्या डेलियाचा, जाड सुतळीत ओवलेला, भरघोस.

"सगळे त्यांच्या बागेतले आहेत," लेना म्हणाली. "ते कुणाला हात लावू देत नाहीत त्यांना. आणि हे बघ, आम्ही सगळे उभे पण राहिलो, शांत, एक मिनिट. तुमच्यासारखं."

धम्मपालकाकांनी तोंडावर रुमाल धरला आणि भिंतीकडं वळून खोकायला लागले, पण ते काही खोकणं नव्हतं. बाबांचा हात आपोआप शर्टाच्या कॉलरवर गेला आणि तिथंच राहिला.

म्हातारा काहीतरी बोलला, हळू, जर्मनमध्ये. लेना म्हणाली, "ओपा विचारतायत, बरोबर केलंय ना? तुम्ही करता तसं?"

सलोनीला घोकलेलं वाक्य आठवलं. सगळं, एकेक शब्द. आमच्यात ह्याचा अर्थ असा असतो. तिनं तोंड उघडलं आणि मागं वळून आईकडं बघितलं.

आई ओट्यापासून निघून पुढं आली होती. तिची मूठ मंगळसूत्राभोवती मिटलेली होती, घट्ट. ती स्क्रीनवरच्या नवऱ्याकडं बघत होती, मग त्या म्हाताऱ्याकडं, त्याच्या बटणाकडं, वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडं. बराच वेळ. मग तिनं मूठ सोडली, सलोनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनजवळ वाकली.

"त्यांना म्हणावं, फार सुंदर केलंय," ती म्हणाली. "फक्त हार डावीकडं घसरलाय."

सलोनीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं लगेच वळून दोन्ही हातांनी हार धरला.

"थोडा वर," आई म्हणाली. "अजून थोडा... हां. आता राहू द्या."