अरुणाबाईंच्या डब्यातली तक्रार

मी डबा बोलतोय. स्टीलचा, पाच किलोचा, झाकणात आडवी भेग असलेला. भेग बघून हसू नका. त्या भेगेपायी मी नऊ महिने सिंगापुरात अगदी सरकारी थाटात काढलेत. बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे बड्या सोसायटीत, गार्डहाऊसच्या टेबलावर, तक्रारपेटी म्हणून. चकल्या सांभाळणाऱ्याच्या नशिबी एवढा मान कुठला!

माझा जन्म पुण्याचा. भांड्यांच्या दुकानात अरुणाबाई पेंडशांनी मला तीनदा ठोकून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "नाव नीट घाला हो, मागच्या वेळी माझा उकार खाल्लात." त्यानं टरटर यंत्र चालवून माझ्या पोटावर ‘सौ. अरुणा निशिकांत पेंडसे’ असं कोरलं. दुखलं, पण नाव असलेल्या भांड्याला घरात वेगळा भाव असतो. पुढे सून मीनल सिंगापूरला निघाली, तेव्हा अरुणाबाईंनी माझ्यात मेतकूट आणि भाजणी ठासून भरली नि मला तिच्या बॅगेत कोंबलं.

मीनलकडे मी दहा वर्षं सुखानं नांदलो. मग २०१४ च्या दिवाळीत तिनं माझ्यात चिवडा भरून मला शेजारच्या ब्लॉकमध्ये ऋचाकडे पाठवलं आणि माझे ग्रह फिरले. चिवडा चार दिवसांत संपला. पण आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत ना! काहीतरी घालून द्यायचं म्हणून ऋचा थांबली. या रविवारी शंकरपाळे, पुढच्या रविवारी नारळाच्या वड्या, असं करता करता मी आठ महिने तिच्या फ्रिजवर धूळ खात बसलो. मीनलनं भिडेपोटी विचारलं नाही, ऋचानं लाजेपोटी विषय काढला नाही.

ऋचाचा नवरा प्रबोध विद्यापीठात संशोधक. अमेरिकेत काही आदिवासी जमातींची स्वतःची पोलीस खाती असतात. त्या पोलिसांनी दांडगाई केली तर साध्या माणसानं दाद कुणाकडे मागायची, त्यांच्यावर नागरिकांची देखरेख कशी असावी, हा प्रबोधचा विषय. तीनशे वीस पानं लिहिलीत त्यानं! फोनवर तो तासन्‌तास बोलायचा, त्यामुळे फ्रिजवर बसून मलासुद्धा सगळं पाठ झालं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हातात पेटी द्यायची नाही. ज्यानं तक्रार केली, त्यानं निवाडा करायचा नाही. आणि मोठ्याविरुद्ध लहानानं लिहिलेला कागद आधी वाचायचा. हे तिसरं सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटायचा.

२०१५ च्या जुलैत कॉन्डोची वार्षिक सभा झाली. कुणीतरी म्हणालं, गार्ड नीट बोलत नाहीत. झालं! प्रबोध उभा राहिला आणि अर्धा तास बोलला. देखरेख समिती नेमली गेली. अध्यक्ष शिरीष पेंडसे, म्हणजे मीनलचा नवरा, कारण कॉन्डोच्या कौन्सिलचाही तोच अध्यक्ष. दुसरा प्रबोध. तिसऱ्या मिसेस लिम, त्या खरं तर स्विमिंग पूलच्या फरशांबद्दल बोलायला आल्या होत्या आणि उठायच्या राहिल्या. गार्ड तीन, त्यांच्यावर देखरेख ठेवणारेही तीन.

पेटी हवी होती. प्रबोधनं घरात इकडेतिकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर पडली. ऋचा ऑफिसात. तो मला बाजारातल्या चावीवाल्याकडे घेऊन गेला, झाकणात भेग पाडली, कडी बसवली, कुलूप लावलं. संध्याकाळी ऋचा कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, तो मीनलचा डबा होता! आता काय तोंड दाखवू तिला?" प्रबोध म्हणाला, "लोकशाहीसाठी गेला असं समज." ऋचा यावर जे बोलली ते मी सांगत नाही.

मला ठेवायचं कुठे? प्रबोधचं म्हणणं लिफ्टपाशी. शिरीष म्हणाला, "छे रे, कुणी पळवला तर? गार्डहाऊसमध्ये ठेव, तिथं चोवीस तास माणूस असतो. किल्लीही त्यांच्याकडेच राहू दे." गार्डांविरुद्धच्या तक्रारी गार्डांपुढे टाकायच्या आणि किल्ली गार्डांच्या खिशात! मला वाटलं, आता प्रबोध उसळणार. तो म्हणाला, "तसंही चालेल." शिरीषकडे दर शनिवारी जेवण असायचं, त्याला काय करणार.

माझ्यात नऊ महिन्यांत काय काय पडलं म्हणता? पिझ्झाची जाहिरात, चॉकलेटचे कागद, ‘चौथ्या मजल्यावर ड्युरियन फळाचा वास येतो’ अशी एक चिठ्ठी. समितीनं अहवालात लिहिलं, ‘गार्डांविरुद्ध तक्रारी शून्य. देखरेख यशस्वी.’ प्रबोधनं त्यावर एका परिषदेत भाषणही केलं.

दिवसपाळीला सेल्वम अंकल असायचे. चौसष्ट वर्षांचे, बेडोकला राहणारे, शर्टाला कडक इस्त्री. सकाळी आल्या आल्या ते मला फडक्यानं पुसायचे. माझ्यावर काय कोरलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते नाव मात्र दोनदा पुसायचे. त्यांच्या बायकोची नजर गेली होती. दिवसभर शेजारीण लक्ष ठेवी, सात वाजता अंकल घरी पोचत. दिवसपाळीवर त्यांचा संसार उभा होता, आणि हे ते कुणालाही हसत सांगायचे.

मार्चातल्या एका रविवारी शिरीषचे साहेब जेवायला आले. परिपत्रक क्रमांक चौदा असं होतं, की येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, अपवाद नाही. खाली सही शिरीषचीच. साहेब ओळखपत्र दाखवीनात, अंकल नाव लिहिल्याशिवाय गेट उघडीनात. मागे चार गाड्या अडल्या. शेवटी शिरीष झब्बा सावरत धावत खाली आला आणि सगळ्यांदेखत इंग्रजीत ओरडला, "तुला गेट उघडायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही! म्हाताऱ्या, घरी बस आता!"

अंकलनी गेट उघडलं. मग वहीत साहेबांच्या नावाची जागा मोकळी सोडली आणि वेळ मात्र बरोबर लिहिली.

दुसऱ्या दिवशी शिरीषनं माझ्या भेगेतून कागद टाकला. आईचं नाव समोर होतं, पण भांड्यावरचं नाव कोण वाचतो! ‘उद्धट वर्तन. या गार्डला तत्काळ हलवावे.’ अंकलना सिक्युरिटी कंपनीच्या माणसाचा फोन आला, तक्रार मान्य झाली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुआस भागात रात्रपाळी. त्यांनी फोन ठेवला. किल्ली त्यांच्या खिशात होती हो! तो कागद काढून चुरगाळला असता तर कोण विचारणार होतं? त्यांनी कुलपाला हातसुद्धा लावला नाही. मला रडू येत नाही, नाहीतर तेव्हा आलं असतं.

प्रबोध कामावरून येताना त्यांनी त्याला थांबवलं. "सर, मीपण एक कागद टाकू शकतो का? गार्डनं टाकलेला चालतो?"

प्रबोधचा चेहरा उजळला. "अंकल, चालतो म्हणजे काय! तुमचाच तर आधी वाचायला हवा."

अंकलनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, कागदाची नीट चौघडी केली आणि माझ्यात टाकली. रविवारी बैठक होती.

शनिवारी दुपारी मीनल पार्सल घ्यायला गार्डहाऊसमध्ये आली. एरवी ती बाहेरूनच जायची. तिची नजर माझ्यावर गेली. "अगं बाई! हा तर आमचा डबा!"

"मॅडम, ही ऑफिशियल पेटी आहे," अंकल म्हणाले.

"कसली ऑफिशियल! हे बघा, सासूबाईंचं नाव!" तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. अंकल गोंधळले. अध्यक्षांची बायको, वर पुरावा कोरलेला. त्यांनी वहीत लिहिलं, ‘एक पेटी, मूळ मालकाने नेली’, तिची सही घेतली आणि किल्लीही दिली. नियमाचा माणूस, दुसरं काय करणार!

घरी मीनलनं मला उघडलं, दोन्ही कागद वाचले आणि खुर्चीवर बसली. मग शिरीषला हाक मारली. "तू त्यांना सगळ्यांसमोर म्हातारा म्हणालास? नियम तुझा, सही तुझी, आणि शिक्षा त्यांना?"

"फाडून टाक तो कागद, मीनल. नसत्या भानगडीत पडू नकोस."

"फाडते का बघ! सासूबाई इथे असत्या ना, तर तुला खाली पाठवून त्यांची माफी मागायला लावली असती."

त्या संध्याकाळचं जेवण रद्द झालं. रविवारी सकाळी मीनलनं दोन्ही कागद तसेच आत ठेवले, मला क्लबहाऊसमध्ये नेलं आणि प्रबोधच्या हातात दिलं. "सगळं वाच. दोन्ही वाच. तू वाचशील म्हणूनच आणलंय." अंकल काचेच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते.

प्रबोधनं मला उघडलं. अंकलचा कागद आधी घेतला, वाचला. त्याचे ओठ हलले. शिरीष शांतपणे म्हणाला, "प्रबोध, तुझा या विषयातला अभ्यास. पेटी एक रात्र बाहेर होती. आतला कागद ग्राह्य धरता येतो का?"

तो हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं हो? शनिवारचं एक ताट गेलं असतं! प्रबोधनं चष्मा पुसला. "प्रक्रियेनुसार... पेटी ताब्याबाहेर गेली असल्यामुळे दोन्ही तक्रारी बाद. मिळाल्याच नाहीत असं धरावं लागेल." मिसेस लिमनी मान हलवली आणि फरशांचा विषय काढला. अहवालात पुन्हा शून्य आलं.

सोमवारी शिरीषनं कंपनीला फोन केला. त्याला कुठे पेटी लागत होती? बुधवारपासून अंकलची तुआसला रात्रपाळी.

आता मी परत मीनलकडे आहे. भेगेवर चिकटपट्टी आहे, तरी चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. म्हणून माझ्यात बटणं आणि दोऱ्याची रिळं असतात. गेटवर नवा गार्ड आला आहे, तो कुणालाच काही विचारत नाही, सगळ्यांना सलाम ठोकतो. सगळे त्याच्यावर खूश आहेत.

पण त्या रविवारी बैठक संपल्यावर प्रबोध मला पोटाशी धरून, अंकलचा कागद हातात तसाच घेऊन बाहेर आला, ते मला विसरता येत नाही. अंकल पुढे झाले.

"सर, माझा कागद वाचला?"

"अंकल, तांत्रिकदृष्ट्या तो... आम्हाला मिळाला नाही."

अंकलनी खाली पाहिलं. "पण सर, तो तुमच्या हातातच आहे ना?"

प्रबोधनं मूठ मिटली. अंकलनी टोपी घातली आणि ड्यूटीवर गेले.

सेल्वम अंकल, तुम्ही आता कुठे असाल, घरी काकूंजवळ रात्री कोण असतं, मला ठाऊक नाही. माझी साक्ष कुणी मागितली नाही, म्हणून इथेच देतो. तुमचा कागद मला मिळाला होता.