रंगाऱ्याच्या लेकीचे कोरडे हात

माझा नवरा रंगारी आहे आणि आमची तीन वर्षांची ठकू रंगाला हात लावत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बालवर्गाच्या बाईंनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, "बाकीची पोरं कोपरापर्यंत बरबटतात. ही आपली हात मागे घेऊन उभी. बोट जरा ओलं झालं की रडायला लागते."

मला काही नवल वाटलं नाही. ठकू रांगायला लागली तेव्हापासून बाबाच्या तोंडून तिने एकच पाढा ऐकला होता, "ओलं आहे, हात लावू नको." संध्याकाळी हा कामावरून आला की ती दारापर्यंत धावत जाते आणि त्याच्या शर्टावरचे ठिपके बघून हातभर लांब थांबते. हा घासूनपुसून अंघोळ करून येईस्तोवर ती झोपलेली असते. मग टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या उशाशी उभा राहतो. तेव्हा मला त्याचा रागही येतो आणि कीवही येते. तूच शिकवलंस ना, मग भोग आता.

बाई म्हणाल्या, "एकदा बाबांनाच पाठवा. त्यांचं बघून शिकेल."

मीही गेले. हा काम सोडून तसाच रंगाच्या कपड्यांत आला. मुलं यायच्या आत जमिनीवर कागद अंथर, एवढंच त्याला सांगितलं होतं. बाई आणि मी आत कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून त्यात खायचे रंग घालत होतो. बाहेर येऊन बघतो तर भिंतींच्या कडांना टेप, खुर्च्यांवर प्लास्टिक, आणि कागदावर प्रत्येक मुलाला टेपने आखून दिलेला स्वतंत्र चौकोन.

"अहो, मुलं खेळणार आहेत इथे. ऑफिस नाही थाटायचं आपल्याला," बाई म्हणाल्या.

"पण एकाचा रंग दुसऱ्यात मिसळला तर?" ह्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"मिसळू दे की! तुम्हीही बसा खाली."

मुलांनी आल्या आल्या टेपच उपटून काढली. मग टबात हात घातले. मुठीत दाबला की घट्ट होणारा आणि मूठ उघडली की बोटांमधून ओघळणारा तो चिखल होता. एकीने तो पोटाला फासला, एकाने चाखून पाहिला. ओघळ दिसला रे दिसला की माझा नवरा फडकं घेऊन धावायचा. शेवटी बाईंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ठकू मात्र हात मांडीखाली दाबून बसली होती. अख्ख्या वर्गात तिचा तेवढा चौकोन शाबूत होता.

हा तिच्यासमोर बसला. मी कडू औषध पाजत असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत निळ्या टबात बुडवले. मग स्वारीने कागदावर वरून खाली एकसारखे, सरळ पट्टे ओढायला घेतले.

"हॉलची भिंत नाहीये ती," मी म्हटलं.

तेवढ्यात एक थेंब टेपपलीकडे पडला. ठकू ओरडली, "बाबा! ओलं आहे! हात नको लावू!"

"लागला गं," हात पसरून हा म्हणाला. "आता काय करू?"

तिने फडकं शोधलं. ते बाईंच्या खांद्यावर होतं आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या, अर्थातच मुद्दाम. मग ठकूने ह्याचा अंगठा धरला आणि आपल्या तळहाताने पुसायला लागली, ओठ घट्ट मिटून, एकेक बोट. पुसता पुसता तीच निळी होत गेली. लक्षात आलं तेव्हा तिने तळवे वर करून बाबाकडे पाहिलं. खालचा ओठ थरथरायला लागला.

ह्याच्या जिभेवर काय आलं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याने ते गिळलं.

"माझ्या शर्टाला पूस," तो म्हणाला.

तिने आधी एक बोट टेकवून पाहिलं, मग पंजा. बाबा रागावत नाही म्हटल्यावर ती सरळ त्याच्या गळ्यातच पडली. ह्याने तिला छातीशी घट्ट धरलं. तिच्या फ्रॉकला, केसांना, सगळीकडे निळं झालं. माझे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी त्याच्यावर खेकसले, "ऊठ आता! भिंत अर्धी टाकून आला आहेस ना? रंग वाळला तर मधे सांध्याची रेघ दिसेल."

"दिसू दे," तो म्हणाला.