साध्या पाण्यावरचे उंदीर

चेतनाच्या पीएचडीचा सगळा डोलारा चोवीस पांढऱ्या उंदरांवर उभा होता. बारांना फ्लोराईड घातलेलं पाणी, बारांना साधं. लाकडी भुलभुलैयाच्या टोकाला शेंगदाणा ठेवायचा आणि वाट कोणाच्या लक्षात राहते ते बघायचं. फ्लोराईडवाले वाट विसरायला लागले तेव्हा चेतना बाईसाहेब खूश होत्या. तिसऱ्या महिन्यात साध्या पाण्यावरचेही चुकायला लागले, आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली.

अशा वेळी माणसाला स्वतःची चूक आठवत नाही, शिपाई आठवतो. पाण्याच्या बाटल्या भरायचं काम जोतीराममामांचं. अक्कलकोट रोडच्या पलीकडच्या एका खेड्यातून ते रोज सायकलवर यायचे. दात तपकिरी, त्यामुळे बोलताना तोंडावर हात. तंबाखू सोडा म्हणून चेतनाने त्यांना दोन वर्षांत चारदा तरी भाषण दिलं होतं. मामा ऐकून घ्यायचे.

"तंबाखू मळता मळता यांनी बाटल्यांची अदलाबदल केली, सर," ती तिच्या गाईडपुढे, वेणीमाधव सरांपुढे, चारचौघांत बोलून गेली. आपण बाटल्या बदलल्या नाहीत, एवढंच मामा म्हणाले. सरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काम रोजंदारीचं, त्यामुळे कागदसुद्धा लागला नाही.

मग पाण्याचा तपासणी अहवाल आला. साध्या बाटल्यांत फ्लोराईड मर्यादेच्या चौपट, पण चेतना मुद्दाम घालायची त्याहून बरंच कमी. म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मामांचा घरून आणलेला कॅन अर्धा भरलेला होता. त्यातलं पाणी तपासलं, तर तोच आकडा.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती स्कूटीवरून मामांच्या घरी गेली. गोजरबाईंनी, म्हणजे मामांच्या बायकोने, तांब्या पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि कॅनचं विचारलं.

"कॉलेजच्या नळाला पाचव्या दिवशी पानी येतंय की," मामा म्हणाले. "टाकीतलं शिळं पानी मुक्या जिवाला कसं घालायचं? म्हनून आमच्या बोअरचं न्हेत हुतो. लई चांगलं पानी हाय. जल्मापासनं आमी त्येच पितो."

चेतनाने चाचरत तंबाखूचा विषय काढला. गोजरबाई हसल्या, तोंडावर हात धरून. यांनी उभ्या जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, म्हणाल्या. त्यांचे दातही तसेच होते, आणि दारात उभ्या नातीचे, पायलचेही. फ्लोराईडमुळे तपकिरी डाग पडलेल्या दातांचं वर्णन चेतनाच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होतं. तिने ते स्वतः टाईप केलं होतं. भुईत गडप व्हावं असं तिला वाटलं.

तिने माफी मागितली. तुमचं काही चुकलं नव्हतं, सरांना मी सगळं सांगते, म्हणाली. बोअरच्या पाण्यात तेच फ्लोराईड आहे, हेही शेवटी सांगितलं. मामांनी तिच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं.

"मग उंदरांचं पानी बदललं का, म्याडम?"

"बदललं, मामा. कळलं त्याच दिवशी."

शब्द तोंडातून गेले आणि तिची मान वर होईना. त्याला चार दिवस झाले होते. मामांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तिने ते चार दिवस घालवले होते. समोर पायल बोअरच्या नळाखाली शाळेची बाटली भरत होती.