बुटकी पेटी

आमच्या बाबांनी हाती घेतलेलं काम कधी सोडलं नाही, आणि वेळेत पूर्ण केलं असंही कधी झालं नाही.

आई होती तेव्हा त्यांनी एका फळीवर दोन कॅमेरे शेजारी-शेजारी ठोकले आणि स्वयंपाकघरात तिचा फोटो काढला. डाव्या डोळ्यासाठी एक, उजव्यासाठी एक. दोन भिंगांच्या पेटीतून पाहिलं की माणूस समोर बसल्यासारखा दिसायचा. पण आमचं स्वयंपाकघर काडेपेटीएवढं, म्हणून सगळं मावावं अशी वाइड लेन्स लावलेली. बघायची पेटी मात्र जुनीच, साध्या लेन्सच्या मापाची. त्यामुळे ओटा लांबच लांब झाला आणि टेबलापलीकडची आई पार दूर गेली. तिने पाहिलं आणि पोट धरून हसली. एवढं मोठं घर कधी घेतलंत, मला सांगितलंही नाही, म्हणाली. बाबांनी तिला जागेवर आणणारी, जाड भिंगांची बुटकी पेटी करून देतो असा शब्द दिला. ते राहूनच गेलं. आधी आई गेली, मग बाबांचा उजवा डोळा.

आणि आता करायला बसले! एका डोळ्याला ते अंतर दिसेना, म्हणून तपासायला मी. त्याच टेबलाशी बसायचं, जिथून फोटो काढला तिथे मी, आईच्या खुर्चीत ते. पेटीत बघायचं आणि आई जागेवर आली का सांगायचं.

तिसऱ्या पेटीला मी वैतागले. ऑफिसला उशीर होत होता. आली हो जवळ, झकास, असं ठोकून दिलं. बाबांनी पेटी काढून घेतली आणि पुन्हा कानशीने घासायला लागले.

"आली असती तर तू असं बोलली नसतीस," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या पेटीला मी मुकाट्याने डोळे लावले. ओटा आखडला, भिंत पुढे सरकली. टेबलापलीकडे आई. गालाला पीठ लागलेलं आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही. किती वेळा पुसलं असेल मी ते. आताही हात आपोआप पुढे गेला.

बोटांना दाढीचे खुंट लागले.

बाबांनी माझा हात तिथेच धरून ठेवला. त्यांचा गाल ओला होता.

"बरोबर," ते म्हणाले. "एवढ्यावरच बसायची."