ताईच्या स्क्रीनचं माप

मास्तरांनी शिवणकामाचं दुकान बंद केलं, पण मापं घ्यायची खोड काही सुटली नाही. बेचाळीस वर्षं लोकांचे खांदे आणि वाढती पोटं टेपने मोजलेला माणूस घरात बसून करणार काय? तो स्वयंपाकघरातल्या फळ्या मोजू लागला, तेव्हा लेकीने त्याच्या हातात एक कॅमेरा आणि आपला लॅपटॉप दिला. नातीचे फोटो काढा, नातेवाइकांना पाठवा आणि मला स्वयंपाक करू द्या, असा तिचा साधा बेत होता.

"फोटो आहे तसा पाठवायचा नाही, बाबा. फार मोठा असतो. रुंदी बाराशे करा, सगळ्यांना चालते."

"सगळ्यांना एकच माप? मी काय तयार कपडे विकतोय?"

फोटो बारीक ठिपक्यांचा असतो आणि रुंदीत किती ठिपके बसतात ते त्याचं माप, एवढं मास्तरांना झटकन कळलं. कापडातले धागे मोजून गिऱ्हाइकाशी वाद घातलेल्या माणसाला ठिपक्यांचं काय कौतुक! त्यांनी दुकानातली मापांची शेवटची वही काढली. मागची पानं कोरीच होती. एकेका नातेवाइकाला फोन करून त्यांनी स्क्रीनची मापं लिहून घेतली. धाकटा भाऊ तेराशे, विहीणबाई हजार. व्याही म्हणाले, काहीही पाठवा, आम्ही बघतो कुठे! त्यांना मास्तरांनी अंदाजपंचे पाठवून दिला.

राहिली ताई, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. त्यांना सुई धरायला शिकवलं ते तिनेच. तिचं कौतुक म्हणजे काय चीज असते, हे मात्र मास्तरांना साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. काहीही शिवून नेलं की ताई ते आधी उलटं करायची, आतली शिलाई बघायची, खोट सापडली तर बोट ठेवायची आणि नाही सापडली तर "ठीक" म्हणून परत द्यायची. "छान" हा शब्द तिने बहुतेक दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवला होता.

फोनवर तिला ऐकू कमी येई, म्हणून मास्तरांनी ई-मेलने माप विचारलं. उलट टपाली उत्तर आलं, "टेपने मोजलं. आडवा एकवीस इंच, उभा बारा."

ठिपके किती ते तिने सांगितलं नाही, आणि मास्तरांनाही विचारायची गरज वाटली नाही. त्यांच्या लॅपटॉपचा स्क्रीन साडेतेरा इंच रुंद, त्यात एकोणीसशे वीस ठिपके. मग एकवीस इंचात किती? जवळजवळ तीन हजार. इतक्या लांब जाता जाता फोटो आटलाबिटला तर, म्हणून त्यांनी वर दोनशे वाढीव धरले आणि वहीत लिहिलं, 'ताई, बत्तीसशे'. आपल्या हुशारीवर ते त्या दिवशी भलतेच खूश होते.

नात पहिलं पाऊल टाकते आहे असा फोटो गेला. ताईचं उत्तर आलं, "छताला रंग चांगला दिलास."

नात दात दाखवून हसते आहे असा गेला. "खुंटीवरची छत्री कोणाची?"

मग वाढदिवसाचा. "घड्याळ बंद पडलंय का? मागेही सव्वाचारच वाजले होते."

पोरीबद्दल चकार शब्द नाही. मास्तर मूग गिळून बसले. तीन जिने चढवत नाहीत म्हणून ताई या नव्या घरी आली नव्हती, नातीला तिने पाहिलंही नव्हतं. पण म्हणून असं बोलायचं?

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं. ताईने लहानपणी त्यांना वर्तमानपत्रावर फ्रॉकचा नमुना आखून दिला होता. तो त्यांनी जिवापाड जपला होता. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावरून त्यांनी नातीसाठी फ्रॉक बेतला. बोटं हल्ली थरथरायची, सुईत दोरा जायला दहा मिनिटं लागायची. जो फ्रॉक पूर्वी एका दुपारी झाला असता, त्याला महिना लागला. पुन्हा काही शिवणं होईल असं त्यांना वाटत नव्हतं. ताईने एकदा, एकदाच, छान म्हणावं, एवढी एकच इच्छा होती. नातीला फ्रॉक घालून खिडकीपाशी उभं केलं, फोटो काढला, बत्तीसशे करून पाठवला.

उत्तर आलं, "पडद्याची वरची दुमड वाकडी आहे."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी स्टुलावर चढून पडदा मोजला. अर्धा इंच वाकडी होती. पडदा त्यांनीच शिवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मास्तर ताईच्या दारात हजर झाले. टेप खिशात, वही काखेत, राग नाकावर.

"असा अचानक?" ताई म्हणाली.

"तुझा स्क्रीन मोजायला आलोय."

ताईने कॉम्प्युटर शिवणाच्या मशीनवर मांडला होता. लिहिता-वाचताना तिचा पाय सवयीने खालच्या पायडलवर हलत असे. टेप लावला. एकवीस आणि बारा. ताई मोजण्यात चुकणार नाहीच म्हणा!

"आता माझा फोटो उघड."

तिने उघडला. स्क्रीनभर पडदा दिसला, पडद्याची वाकडी दुमड आणि थोडी भिंत. बास.

"पोरगी कुठाय?" मास्तर ओरडले.

"कुठली पोरगी?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. स्क्रीनवरची अक्षरं बोटाएवढी जाड होती. ताईला बारीक दिसत नाही, म्हणून भाच्याने या एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ठिपके मोठे आणि मोजके ठेवले होते, रुंदीत फक्त आठशे. बत्तीसशेच्या फोटोचा वरचा डावा कोपरा तेवढा त्यात मावत होता. बाकीचा फोटो बाजूला सरकवून बघायचा असतो, हे ताईला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, तू नवं घर दाखवतोयस," ताई म्हणाली. "मला जिने चढवत नाहीत म्हणून कोपरा कोपरा करून. मीही रोज उघडून बघायची. म्हटलं, एवढ्या हौसेने पाठवतोय, तर दिसेल त्याबद्दल दोन शब्द लिहावेत."

मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस आपण कोणावर फुगून बसलो होतो, याची त्यांना लाजच वाटली. त्यांनी मुकाट्याने फोटो आठशेचा केला आणि नात फ्रॉकसकट स्क्रीनवर उभी राहिली. भाच्याने ठेवलेलं ठिपक्यांचं माप चौकोनी, ते रुंद काचेवर ताणलेलं, त्यामुळे नात जरा जास्तच रुंद.

"बाळसं मस्त धरलंय हो!" ताई म्हणाली. मास्तरांनी ते तसंच राहू दिलं. आनंदात कोण माप दुरुस्त करतं?

ताई चष्मा पुसून पुढे वाकली. गळा बघितला, बाही बघितली, घेर बघितला. खाली पायडल थांबलं होतं.

"हा माझा नमुना."

"तुझाच."

"अजून ठेवलायस?"

मास्तरांनी मान हलवली. ताईने काचेवरून फ्रॉकच्या कडेवर बोट फिरवलं. मास्तर वाट बघत होते.

"उलटी बाजू दाखव," ती म्हणाली.

"फोटोला उलटी बाजू कुठून आणू, ताई?"

"मग मी काही बोलणार नाही. पोरीला घेऊन ये, फ्रॉकही आण. इथे बघेन. आणि हा फोटो इथेच कायम राहील असं काहीतरी कर."

लेकीने शिकवलं होतं, त्याप्रमाणे मास्तरांनी तो स्क्रीनच्या पार्श्वभूमीला लावून दिला. मग वहीत 'बत्तीसशे' खोडून 'आठशे' लिहिलं आणि वही बंद केली. 'छान' काही मिळालं नाही ते नाहीच. चपला घालताना त्यांनी सहज मागे वळून पाहिलं.

ताईच्या स्क्रीनवर जागोजागी चित्रं विखुरलेली होती, पत्रांचं पाकीट, कचऱ्याची टोपली, भाच्याने टाकून ठेवलेलं काय काय. त्यातली निम्मी फ्रॉकवर आली होती. ताई माऊसने एकेक चित्र उचलून, अगदी जपून, वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होती. फ्रॉक सगळा मोकळा झाला होता, आणि पडद्याची वाकडी दुमड तिने पार झाकून टाकली होती.