झिजलेली सवत

माझ्या मायच्या गळ्यात तिची सवत होती. आमच्याकडे बिजवराशी लग्न लागलं की नवरीच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा टाक बांधतात, चांदीचा, बाईचं तोंड असलेला. रोज त्याला आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं, जेवायला बसलं की पहिला घास दाखवायचा. एवढं केलं तर सवत शांत राहते, नाहीतर लेकरं नेते, असं बायका सांगतात.

माय, म्हणजे द्वारकाबाई, हे सगळं बिनचूक करायची. तरी तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मग ती टाक राखेने आणखी जोरात घासू लागली. मी तिच्या पोटात होते तेव्हाची, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दहाएक वर्षं आधीची ही गोष्ट. एके सकाळी टाक घासताना तिला दिसलं, की आधीच पुसट असलेलं ते तोंड आता गेलंच आहे. ना नाक, ना डोळा. माय हादरली. ती सवतीला स्वतःच्या हाताने पुसत होती, मग सवत तिला कशाला सोडेल?

"हिचं तोंड पुन्हा उठवून आणू, चला," ती माझ्या बाला म्हणाली. "न्हाईतर हे बी लेकरू नेती ती."

आमचा बा सोनाजी, साखऱ्याचा शेतकरी. मारक्या बैलाचीही बाजू घेणारा माणूस. त्याने गाडी जुंपली आणि दोघं हिंगोलीला मोहियोद्दीनकडे गेले. मोहियोद्दीन चांदीची मोड घेणारा व्यापारी. मोडीत जुनं नाणं आलं तर मात्र तो ते वितळू द्यायचा नाही. झिजलेलं नाणं कुठल्या राजाचं, हे ओळखायचा त्याला नाद होता, म्हणून पुसलेलं तोंड आधी त्याला दाखवायचं.

त्याने टाक घासला नाही की पुसला नाही. दारातल्या तिरप्या उन्हात धरून हळूहळू फिरवला. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. चांदीवर न दिसणारं तोंड कागदावर उमटत गेलं. सरळ नाक, लांब मान, मागे अंबाडा. मायने पदर पुढे ओढला. जिला इतकी वर्षं घास दाखवला, ती आज पहिल्यांदा समोर आली होती.

"बाई, हा टाक न्हाई," मोहियोद्दीन म्हणाला. "हे नाणं हाय. रूमच्या, म्हंजी रोमच्या बादशहाच्या बेगमेचं. हजार-दीड हजार वर्षांच्या बी आधीचं. तिकडचे व्यापारी यायचे इकडं."

"कशावरून?" बाने विचारलं.

"केसावरून. असा अंबाडा तिकडच्याच बेगमा बांधायच्या. नाव आधी झिजतं, केस राहतात." त्याने नाणं उलटवलं. मागे एक बाई उभी होती, हातात कणसं. "कोणची बेगम, ते मला बी सांगता येत न्हाई."

"मग आमची कुठंय?" माय म्हणाली.

बा खाली बघत होता. माय त्याच्यावर कडाडली, "मला काहून फसवलं?"

"फसवलं न्हाई. ती ज्या वावरात कोसळली, तिथंच नांगर धरला व्हता. नांगराच्या तासात ही वर आली. बाईचं तोंड. मला वाटलं, तीच आली. सोनाराकडून नुसती कडी लावून घेतली."

यात बाचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. बायको गेलेल्या माणसापुढे जमिनीतून चांदीचं तोंड वर आलं, तर तो काय बादशहाचं गाव विचारत बसणार?

माय मात्र गार पडली. "म्हंजी परकी जेवली, आन घरची उपाशी. लेकरं नेईल न्हाई तर काय करंल?"

ती बाला घेऊन तडक सोनाराकडे गेली, सवतीचा खरा टाक करून घ्यायला. सोनाराने टाक पाडायचा ठसा बाहेर काढला. ठशातली बाई सगळ्यांना एकच. "अजून एक परकी नको," माय म्हणाली. "ती दिसायची तशीच काढा." मग बाकडे वळली. "सांगा. तुमीच पाह्यलंय तिला."

बा सांगू लागला. "नाक सरळ. मान लांब. केस असे मागं..." हाताने अंबाडा दाखवता दाखवता तो थांबला. तो कागदावरची बाई सांगत होता. डोळे मिटून त्याने पुन्हा आठवून पाहिलं.

"अगं, ती येतच न्हाई," तो म्हणाला. "हीच येऊन राहिली." आणि सोनाराच्या ओट्यावर बसून तो हमसून हमसून रडला.

मायची भीती त्या ओट्यावरच गेली. ती म्हणायची, "जिला नवरा बी इसरला, ती बिचारी कुणाचं काय नेईल?" तिने सोनाराला नव्या टाकाचं तोंड कोरं ठेवायला सांगितलं. नाणंही गळ्यातून काढलं नाही. इतकी वर्षं जेवलेल्या बाईला हाकलायचं कसं? तेव्हापासून पहिला घास कोऱ्या तोंडाला, दुसरा बेगमेला.

मी जगले. मायने नाव ठेवलं भिकाबाई. गावाला वाटलं, आधीची दोन गेली म्हणून भीक मागून घेतलेली ही भिका. पण ते सवतीचं नाव होतं. बायकोचं नाव घ्यायची रीत नसल्याने बाने ते कधी उच्चारलंच नव्हतं. आता रोज घ्यावं लागे.

दिवस मावळायला बा बांधावर बसून हाक मारायचा, "भिके!" मी धावत त्याच्यापुढे जाऊन उभी राहायचे. तो मला जवळ घ्यायचा, पण बघायचा माझ्या मागे, वाटेकडे. एकदा मी वळून पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. तरी बा बांधावर थोडा सरकला, आणखी एकीला बसायला जागा करून देत.